काळ्या गाडीची उस्तवार

काळी गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात माझ्याकडे येत नाही. तेव्हा तो हवेत असतो. तो येतो चार-सहा महिन्यांनी, आणि बहुतेक वेळा निमित्त पेट्रोल पंपावर घडलेलं असतं. रात्रीची वेळ, पंपाच्या छताला पांढरेशुभ्र एलईडी दिवे, पैसे देता देता बॉनेटवर नजर जाते आणि प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेषांचं जाळं दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दारात. "मिस्त्री, कुणीतरी डूख धरून घासणी फिरवलीया बघा गाडीवर." घासणी कुणी फिरवलेली नसते. रोज सकाळी फिरलेलं असतं ते फडकं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझा गाळा आहे. गाड्यांना रंग देणं आणि रंगाला पॉलिश करणं हे काम. शेजारी लेथ फिरते, पलीकडे कास्टिंग ग्राइंड होतं, म्हणजे पॉलिशला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. म्हणून पॉलिशची खोली मी चारी बाजूंनी बंद करून घेतली. काम शिकलो ते अँबॅसॅडर, पद्मिनी आणि जीपवर. आज हाताखाली येतात त्या गाड्यांत काळी गाडी सगळ्यात जास्त पैसे देते. तरी गिऱ्हाइकाला माझं पहिलं सांगणं असतं की पॉलिशला लवकर येऊ नका. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय असं वाटेल, पण कारण ऐकल्यावर पटतं.

गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहून पातळ. काळा रंग म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो बेस कोट तर याच्याही निम्म्याहून कमी. त्यातला काळेपणा येतो कार्बन ब्लॅकमधून, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या काजळीतून.

आता त्या रेषांचं. काळ्या गाडीवर ओरखडे जास्त पडतात असं सगळे म्हणतात, पण वरचा क्लिअर पांढऱ्या गाडीवर असतो तोच काळ्यावर असतो. कुणाचा क्लिअर कडक असतो, कुणाचा मऊ. ते कंपनीवर ठरतं, रंगावर नाही. फरक दिसण्यात आहे. पांढरा रंग आलेला बहुतेक उजेड चारी दिशांना परत फेकतो. त्या उजेडाच्या गर्दीत एखाद्या बारीक रेषेची चमक हरवून जाते. काळा रंग आत शिरलेला उजेड गिळून टाकतो. काळ्या गाडीकडे बघताना खरं म्हणजे रंग दिसतच नसतो, दिसतं ते क्लिअरवर पडलेलं आभाळ, समोरची भिंत, गाडीकडे बघणारा आपण. त्या प्रतिबिंबात जरा खोट आली की डोळा लगेच पकडतो. त्यातही साधा काळा सगळ्यात उघडा. काळ्यात मेटॅलिकची चमक मिसळलेली असेल तर थोडं झाकलं जातं.

रेषा गोल दिसतात म्हणून पुसणाऱ्यानं गोल गोल पुसलं, असा आरोप होतो. तोही तितकासा खरा नाही. रेषा वाटेल त्या दिशेला असतात. पण दिव्याच्या उजेडाला ज्या आडव्या येतात तेवढ्याच डोळ्याकडे चमकतात, आणि म्हणून त्या दिव्याभोवती गोल बसल्यासारख्या दिसतात. हातातली बॅटरी बॉनेटवरून सरकवत नेली तर वर्तुळही तिच्यामागे सरकत जातं. गिऱ्हाइकाला मी हे करून दाखवतो, तेव्हा पुसणाऱ्यावरचा राग निम्मा उतरतो.

जुन्या गाड्यांना क्लिअर नसायचा. रंगच वरपर्यंत. पॉलिश करताना फडकं काळं व्हायचं आणि उस्ताद म्हणायचा, आता मेलेला रंग निघाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं असंच होतं. त्यातली शेवटची २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या रंगाला चकाकी थोडी कमी, पण घासायला जीव भरपूर होता. आणि काळ्याचे आज एवढे लाड चाललेत, तर सांगायला हरकत नाही की फोर्डनं आपली मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात विकली, ती रुबाबासाठी नाही. तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकायचा.

पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं, असा समज आहे. बुटाच्या पॉलिशमुळे झाला असावा. गाडीचं पॉलिश काढतं. कंपाऊंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक कणी असते. ती मशीनच्या पॅडवर घेऊन फिरवली की क्लिअरचा वरचा पापुद्रा घासला जातो आणि ओरखड्याच्या दोन्ही कडा त्याच्या तळापर्यंत खाली येतात. ओरखडा भरत नाही, त्याच्या भोवतालचं सपाट होतं. कडक कंपाऊंडचा एक हात दोन-चार मायक्रॉन घेऊन जातो, बारीक पॉलिशचा त्याहून कमी. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच क्लिअरमध्ये असतात. म्हणजे ही बिनव्याजी ठेव आहे. काढता येते, भरता येत नाही. पूर्ण आयुष्यात सात-आठ मायक्रॉनांपलीकडे कुणाचा क्लिअर काढायला मी तयार होत नाही. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश मारून घेणाऱ्या गाडीचं पाच-सहा वर्षांत काय होईल, हा हिशेब कुणीही करावा.

क्लिअर संपत आला की आधी तो धुरकट दिसतो, मग उन्हात त्याचे पांढरट पोपडे सुटायला लागतात, छतावर आणि बॉनेटवर सगळ्यात आधी. तिथं पॉलिशचा उपाय नाही. रंगच द्यावा लागतो. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या घडीच्या रेषा, बंपरचे कोपरे इथं रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा दाब तिथंच जास्त येतो. त्या जागांवर मशीन लावण्याआधी टेप मारायची असते. गाडी घेऊन कुठं पॉलिशला गेलात आणि पोरानं टेपचं बंडल हातातच घेतलं नाही, तर गाडी मागे घ्यावी, संकोच करू नये.

मशीन दोन जातींची. एक रोटरी, सरळ गरागरा फिरणारी. दुसरी ड्युअल ॲक्शन, जिला सगळे डीए म्हणतात, ती फिरता फिरता डोलते. रोटरी झपाट्यानं कापते, तापवतेही झपाट्यानं. लोकरीचं पॅड लावून कच्च्या हातानं ती काळ्या गाडीवर फिरवली तर ओरखडे जातात आणि त्यांच्या जागी पंख्याच्या आकाराचे धुरकट पट्टे येतात, ऊन तिरकं आलं की सरकताना दिसणारे. त्याला होलोग्राम म्हणतात. सावलीत गाडी ताब्यात घेतली तर ते कळत नाहीत. मी जुन्या मोठ्या ओरखड्याला रोटरी वापरतो आणि वरून डीएनं फोमचं पॅड लावून सगळं पुन्हा करतो. वेळ दुप्पट लागतो. "अर्ध्या तासात बफिंग" अशी पाटी जिथं असते तिथं हे दुसरं काम होत नाही, एवढं खात्रीनं सांगतो.

अर्ध्या तासाच्या पॉलिशची आणखी एक मेख आहे. काही पॉलिशमध्ये तेल आणि मेण एवढं असतं की ओरखडे न काढताच बुजल्यासारखे होतात. गाडी आरशासारखी दिसते, माणूस पैसे देतो, चार वेळा गाडी धुतली की जाळं परत. डिझेलच्या फडक्यानं गाडी पुसायची आपल्याकडे रीत आहे, तिचंही गुपित हेच. वर धूळ चिकटते ती वेगळी. पैसे देण्याआधी एवढंच म्हणायचं, "मिस्त्री, एक पॅनल आयपीएनं पुसून दाखवा." आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात पातळ केलेलं. ते तेल उतरवतं आणि खाली काय आहे ते उघडं पडतं. काम चोख असेल तर मिस्त्रीला राग येत नाही.

मशीनला हात लावण्यापूर्वीचं काम मला जास्त आवडतं. गाडी धुऊन झाली की हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या तर हमखास. तिथं फौंड्र्या आहेत. ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी हवेतून येऊन गाडीवर बसते, गंजते आणि क्लिअरमध्ये रुतते. पांढऱ्या गाडीवर तिचे तांबूस ठिपके दिसतात, काळ्यावर दिसत नाहीत म्हणून मालक निर्धास्त. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की दोन मिनिटांत जांभळे ओघळ उतरायला लागतात. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर घाबरतंच. लोखंडाशी रसायनाची क्रिया होऊन तो रंग येतो, गाडीचा रंग जात नाही. उरलेलं मग क्ले बारनं, भरपूर साबणपाणी लावून, हलक्या हातानं काढायचं. ही भुकटी तशीच ठेवून मशीन लावली तर पॅडखाली तीच फिरते आणि पॉलिश करता करता नवे ओरखडे पाडते.

मग गेज. रंगाची जाडी मोजणारं हातात मावणारं यंत्र, पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही. कंपनीचा रंग असेल तर शंभर-सव्वाशेच्या आसपास आकडे येतात, दोनशेच्या वर गेला की पुन्हा रंगवलेलं, आणि पाचशे-हजार दाखवलं की आत लांबी भरलेली. प्रत्येक पॅनलवर मोजून ते कागदावर लिहून ठेवायचं आणि दीड फुटाच्या चौकोनात सगळ्यात सौम्य पॅड-पॉलिश वापरून बघायचं. त्यानं भागलं तर पुढचं कडक उघडायचंच नाही. एखादी खोल रेष नखाला अडकत असेल तर ती राहू द्यायची. लोक हट्ट धरतात. मी काढून देत नाही.

आता मूळ दुखणं, म्हणजे धुणं-पुसणं. रस्त्यावरच्या धुळीत वाळूची कणी असते, म्हणजे क्वार्ट्झ, आणि ती क्लिअरपेक्षा कितीतरी कडक असते. कोरड्या गाडीवर फडकं किंवा झटकणी फिरवणं म्हणजे ती कणी ओढत नेणं. आपल्या अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आठ-दहा गाड्या पुसतो. महिन्याला त्याला पाच-सातशे रुपये मिळतात, पाणी भरून आणायचं तेही लांबून. त्याला दोष देणं मला जमत नाही. त्याला सांगावं की रोज पुसू नको, आठवड्यातून एकदाच धू, पैसे तेवढेच घे. कोरडी धूळ गाडीवर बसून राहिली तर बिघडत नाही, ती चोळली की बिघडतं. हे काळ्या गाडीच्या मालकाच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड, कारण काळी गाडी धुतल्यावर तासाभरात मळकी दिसते.

राजारामपुरीतल्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांची काळी सेडान आता जुनी झाली, पण तिच्या बॉनेटवर मी बॅटरी धरतो तेव्हा माझ्याकडची नवी पोरं बघायला येतात. बाई रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत सावलीत स्वतः धुतात. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, वरून खाली, धूळ निघेपर्यंत. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. दारांचा खालचा भाग आणि चाकांजवळचं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्यानं, कारण खरी कणी तिथं असते. भांड्यांचा साबण नाही, कपड्यांची पावडर तर मुळीच नाही. त्यानं वॅक्स धुऊन निघतं. पुसताना मायक्रोफायबरचा जाड टॉवेल पसरून नुसता टेकवायचा, रगडायचा नाही. आणि टॉवेल एकदा जमिनीवर पडला की तो चाकांचा झाला. "मिस्त्री, पेशंटला टाके घालते त्यापेक्षा यात काय अवघड आहे?" असं त्या म्हणतात. अवघड नाहीच. कंटाळवाणं आहे.

पाण्याचंही बघावं लागतं. बोअरचं पाणी जड असलं की उन्हात वाळलेल्या प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं काळ्या रंगावर उमटतं. ताजं असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं आणि लगेच धुतलं की जातं. महिनोन् महिने साचलं तर क्लिअरमध्ये खड्डा करून बसतं. पक्ष्यांच्या विष्ठेचं त्याहून वाईट. ती आम्लधर्मी, आणि काळा पत्रा भर उन्हात इतका तापतो की हात टेकवत नाही. तापलेला क्लिअर मऊ होतो आणि डागाचा आकार धरून बसतो. दिसली की त्याच दिवशी काढायची. खरवडायची नाही, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून ती भिजू द्यायची आणि उचलून घ्यायची.

आमच्या भागातले काही पाहुणे आणखी निराळे. ऊस गाळप सुरू झालं की कारखान्यांच्या आसपास सकाळी गाडीवर बगॅसची काळी राख पडलेली असते. काळ्यावर काळी, म्हणून कुणी मनावर घेत नाही, हातानंच झटकतात. फुंकून किंवा पाण्याच्या फवाऱ्यानंच ती जायला हवी. आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाऊन आलेली गाडी पावसाळ्यात जांभ्याच्या तांबड्या चिखलानं माखून येते. तो वाळण्याआधी पाणी मारलं तर निम्मं काम होतं. आणि गुलाल. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून येणाऱ्या गाड्या गुलाबी होऊनच येतात. निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे निवडून आलेल्यांच्या काळ्या गाड्यांची रांग लागते. पडलेल्यांच्या गाड्या स्वच्छ असतात. गुलालात काय मिसळलंय हे पोत्यागणिक बदलतं. ओलं फडकं लावलं की रंग रबरांमध्ये आणि बॉनेटच्या फटीत उतरतो, मग पुढचे सहा महिने प्रत्येक धुण्यात गुलाबी पाणी येतं. म्हणून आधी कॉम्प्रेसरची हवा, सगळ्या फटींतून, आणि कोरडा गुलाल पूर्ण उडाल्यावर पाणी.

खंडेनवमीला गाडीची पूजा होते, झालीच पाहिजे. फक्त ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढून ते वाळल्यावर नखानं खरवडू नये. मी काचेवर काढायला सांगतो, देवाला काच चालते. झेंडूच्या हाराचा दोरा बंपरला घासत राहतो, तो संध्याकाळीच सोडावा.

कोटिंगबद्दल सगळे विचारतात. वॅक्स जुनं, त्यातलं चांगलं म्हणजे कार्नौबाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं. काळ्या रंगावर त्याची ओलसर झाक मला अजूनही सगळ्यात देखणी वाटते, पण आपल्या उन्हात ते काही आठवडेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग सिलिकाचं. ते रंगाला घट्ट धरतं, पाणी त्यावरून घरंगळतं, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. या सोप्या धुण्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पण जाडी म्हणाल तर साधारण एखाद-दोन मायक्रॉन. "९ एच" असं लिहिलेलं असतं ती पेन्सिलच्या शिशानं घेतलेल्या चाचणीची पायरी आहे, हिऱ्याची नव्हे. दगड लागला तर टवका उडणार, मळकं फडकं फिरवलं तर जाळं पडणार. टवक्यापासून वाचवते ती पीपीएफ, सुमारे दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म; तिच्यावरच्या बारीक रेषा ऊन लागलं की आपोआप बुजतात. किंमत मात्र गाडीच्या एका सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट. सगळ्या गाडीला परवडत नसेल तर नुसता पुढचा बंपर आणि बॉनेटचा कडेचा भाग करून घ्यावा, दगड तिथंच लागतात. आणि यातलं काहीही लावायचं तर आधी खालचा रंग नीट करून घ्यायचा, नाहीतर जाळं कोटिंगखाली जपून ठेवल्यासारखं होतं.

जुन्या काळ्या गाड्या विकत घेण्याआधी हल्ली लोक दाखवायला आणतात. परवा कागलकडच्या एका पाटलांनी अशीच एक एसयूव्ही आणली. बघताक्षणी डोळे दिपावेत अशी चकाकी, विकणारा सोबतच, कौतुक करत. बॅटरी फिरवली, एक रेष नाही. गेज लावलं. चारी दारांवर ११५, ११८ असे आकडे. बॉनेटवर ७८, छताच्या कडेला ७४. विकणारा म्हणाला, "दर सहा महिन्यांला पॉलिश केलंया, कधी चुकीवलं न्हाई." पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "इंजिन चांगलं असेल तर घ्या पाटील. बॉनेट आणि छताच्या रंगाचे पैसे तेवढे किमतीतून वजा करा, आणि पॉलिशला माझ्याकडं आणू नका."